सुप्याच्या स्टँडवरचा लेफ्ट आऊट

आमच्या दाजींनी उभ्या आयुष्यात फुटबॉलला एकदाच लाथ मारली. नगरच्या लष्करी कँपात ते मैदानाची निगा राखायला होते. रेषेबाहेर आलेला चेंडू परत टाकायला गेले, आणि तो थेट साहेबांच्या चहाच्या टेबलावर जाऊन पडला. त्या दिवसापासून चेंडूला फक्त हात लावायचा, पाय नाही, असा हुकूम सुटला. पण आठ वर्षं त्यांनी त्या मैदानावर फक्कीच्या रेषा मारल्या होत्या, आणि खेळणाऱ्यापेक्षा रेषा मारणाऱ्याला जास्त कळतं, असं त्यांचं ठाम मत होतं. "खेळनारा नुस्ता चेंडूकडं बघतो, मास्तर," ते मला म्हणायचे. "मी समदं मैदान बघतो."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, भागिरथीचे यजमान. नाव रंभाजी. मी सुप्याला पोस्टमास्तर होतो, आणि 'मास्तर' हा शब्द दाजी अशा काही चालीवर म्हणायचे की मला शाळेत नापास झाल्यासारखं वाटे. मेहुण्याला टोमणे मारायचा हक्क दाजींना असतोच, पण आमच्या दाजींनी तो हक्क अगदी पुरेपूर वसूल केला. बहीण म्हणायची, "ह्यांचं लगीन फुटबॉलशीच लावायचं हुतं. मला मधी कशाला आनलं?"

कँपातली नोकरी सुटल्यावर ते मैलकुली झाले. पुणे-नगर रस्त्याचे चार मैल त्यांच्या ताब्यात. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, मैलाच्या दगडांना चुना लावायचा. त्यांच्या चार मैलांतले दगड इतके पांढरेशुभ्र आणि इतक्या सरळ ओळीत असायचे की एसटीचे ड्रायव्हर त्याला 'रंभाजीचं ग्राउंड' म्हणत.

संध्याकाळी मात्र त्यांची खरी ड्युटी सुरू व्हायची, स्टँडवर श्रीमंतच्या हॉटेलात. श्रीमंत हे त्याचं नाव. बाकी त्याच्याकडे श्रीमंतीची खूण म्हणावी असा एक रेडिओ तेवढा होता. थंडीत मुंबईला मोठ्या कपाच्या मॅचेस सुरू झाल्या की त्याची कॉमेंट्री लागे. थोडी हिंदीत, थोडी इंग्रजीत, आणि सगळी भाजलेल्या लाह्यांसारखी तडतड. हॉटेलात बसलेल्या मंडळींना त्यातलं अक्षर कळत नसे. मग दाजी रेडिओला कान लावून बसत, मधूनच आवाज बारीक करत आणि मराठीत मॅच सांगत.

आणि काय सांगत! आमच्याकडच्या लोकांनी कुस्ती बघितलेली, हुतुतू बघितलेला. फुटबॉल कुणाच्या बापानंही पाहिलेला नव्हता. पण दाजींनी त्यांना तो दाखवला. "आता बॅक आलाय पुढं, दारूगोळ्यावानी. ह्यानं त्याला डाव्या अंगाला हुल दिली, त्यो गेला तिकडं, ह्यो निघाला इकडनं. पाटाचं पानी बारं फोडून निघावं ना, तसा! गोली उभा हाय, खांद्याव घोंगडं टाकून मेंढ्या राखल्यावानी!" माणसं हातातला चहा विसरत. मला थोडंफार इंग्रजी येत होतं, त्यामुळे दाजी जे सांगतात त्यातलं निम्मं रेडिओवर नसतं, हे मला कळत होतं, आणि मी चिडायचो. एकदा तसं बोललोही. तर म्हणाले, "मास्तर, रेडिओवाल्याला फकस्त चेंडू कुटं हाय ते सांगायचा पगार हाय. बाकीच्या एकवीस जनांचं कोनी बगायचं?"

आज मला कबूल करायला लाज वाटत नाही, की त्यानंतर मी मोठमोठी मैदानं पाहिली, रंगीत पाहिलं, पण मॅच म्हटली की मला श्रीमंतच्या हॉटेलातली ती काजळी धरलेली भिंतच दिसते.

हॉटेलाबाहेर लिंबाच्या झाडाला दगडी कट्टा होता. बायका हॉटेलात बसत नसत, पण त्या कट्ट्यावर एक बाई रोज येऊन बसायची. गाडीची वाट बघत असल्यासारखी, हॉटेलाकडे अर्धी पाठ करून. गाड्या यायच्या, जायच्या, ही तिथंच. ही मालनबाई पठारे. दाजींच्या मॅचमधला लेफ्ट आऊट, म्हणजे डाव्या कडेनं पळणारा, हिचा मुलगा होता.

कानिफनाथ तिचा एकुलता एक. नवरा लवकर गेलेला, तीन एकर माळरान, आणि हा पोरगा सदा पळत सुटलेला. दाजींनी त्याला स्टँडमागच्या माळावर हेरला. तिथं मुरमाच्या जमिनीवर फक्की टाकून मैदान आखलं, कँपातून फाटका चेंडू आणून शिवून घेतला, आणि तीन वर्षं त्याला अनवाणी खेळवला. स्वतः चेंडूला पाय न लावता, रेषेवर उभं राहून, नुसतं ओरडून. पुढं कँपातल्या एका ओळखीच्या साहेबाच्या चिठ्ठीवर मुंबईच्या एका कापड गिरणीनं त्याला घेतला. पगार गिरणीतल्या कामाचा, पण घेतला खेळायला. मालनबाई सोडायला तयार नव्हती. चूल पेटायची थांबली, पोरगा रुसून बसला. तेव्हा दाजी तिच्या दारात जाऊन म्हणाले, "मालनबाई, पोरगा मला द्या. तुमच्या पोराचं नाव रेडिओत ऐकवीन. न्हाई ऐकवलं तर रंभाजी नाव लावनार न्हाई."

आणि ऐकवलं. सन एकाहत्तरच्या थंडीत, गिरणीच्या टीमची मॅच चालू असताना रेडिओवाला म्हणाला, 'पठारे, लेफ्ट आऊट'. स्पष्ट म्हणाला, दोन वेळा म्हणाला. श्रीमंतनं त्या दिवशी सगळ्यांना फुकट चहा पाजला. मालनबाई कट्ट्यावरून उठली, हॉटेलाच्या दारापर्यंत आली आणि रेडिओला हात जोडून गेली.

मग बहात्तर सालच्या माघात दाजींच्या नावानं एक पोस्टकार्ड आलं. आता पोस्टकार्ड पोस्टमास्तर वाचतो की नाही, हे मला विचारू नका. ते उघडंच असतं. 'रंभाजीमामांना साष्टांग नमस्कार. गुडघा कामातून गेला. डॉक्टर म्हणतात आता खेळायचं नाही. टीममधून नाव काढलं. नोकरी आहे, रात्रपाळी देतात. आईला यातलं काही कळू देऊ नका. तिला तुमच्या शब्दावर सोडून आलो, तिचा जीव जाईल. मी सावकाश सांगेन. आपला कानिफ.'

मी कार्ड दाजींच्या हातात दिलं. त्यांनी मलाच वाचायला लावलं, मग पुन्हा एकदा. मग घडी घालून टोपीत ठेवलं. "मास्तर, हे तुमच्या-माझ्यात ऱ्हायलं," एवढंच म्हणाले.

मला वाटलं, महिनाभरात सांगतील. पण पुढच्या थंडीत गिरणीची मॅच लागली, मालनबाई कट्ट्यावर येऊन बसली, दाजींनी रेडिओचा आवाज बारीक केला आणि म्हणाले, "चेंडू आला कानिफकडं!"

मी तिथंच होतो. रेडिओत पठारे नव्हता. लेफ्ट आऊटला कुणी भलताच खेळत होता. पण सुप्याच्या स्टँडवर त्या दिवशी कानिफनं दोन बॅकना हुलकावणी दिली, एक चेंडू खांबाला मारला आणि एक आत घातला. गिरणी प्रत्यक्षात हरली होती. दाजी म्हणाले, "गिरनी हरली, पन पोरगं कुनाला ऐकलं न्हाई." सगळे मालनबाईकडे बघत होते, आणि ती पदराखाली हसत होती.

ते दुष्काळाचं साल. सगळं गाव दिवसभर सरकारी कामावर खडी फोडायचं, रात्री रेशनच्या लाल मिलोची भाकरी. हातांना घट्टे, डोळ्यांत कच. तरी संध्याकाळी सगळे स्टँडवर हजर. मालनबाईच्या शेजारी खडी फोडणाऱ्या बायका तिला विचारत, "काल काय केलं तुज्या पोरानं?" आणि ती हातोडा चालवता चालवता सांगे. लेफ्ट आऊट, कॉर्नर, पेनल्टी. गोजरबाईसारख्या सत्तरीच्या म्हातारीला ऑफसाइड कळायला लागला होता. असं गाव मी दुसरं पाहिलं नाही. पोटात काही नसताना माणसं इतकी खूश कशी होती, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

मी मात्र आतून जळत होतो. कारण मीही त्यात होतोच. कानिफची आईला येणारी पत्रं मीच वाचून दाखवायचो. 'प्रॅक्टिसमुळे रजा मिळत नाही. तब्येत उत्तम आहे.' मी तेही सूर लावून वाचायचो. दाजींशी भांडलो, दोन-तीनदा भांडलो. ते म्हणायचे, "सांगू की. हा सीझन जाऊ द्या."

त्र्याहत्तरच्या दिवाळीनंतर आप्पासाहेबांनी टीव्ही आणला. आप्पासाहेबांचे ट्रक होते, पुण्याला भाऊ होता, आणि पुण्याला नुकताच टीव्ही दिसू लागला होता. सुप्याचं पठार उंच. मग पेट्रोलपंपामागच्या कांद्याच्या गोडाऊनवर चाळीस फुटी पाइप उभा राहिला, त्यावर अँटेना. एक माणूस वर चढून पाइप फिरवायचा, खालचे ओरडायचे, "आलं! गेलं! आरं, जरा पुण्याकडं!" आणि मुंग्यांच्या वारुळातून अचानक एका बाईचा चेहरा उगवायचा, बातम्या सांगत.

दाजी आठवडाभर रोज जाऊन बघून आले आणि त्यांची मतं तयार झाली. बातम्यांची बाई त्यांना पसंत होती. "सेंटर हाफ हाय. जागा सोडत न्हाई." शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात कांद्यावरची औषधं सांगणारे साहेब नापास. "त्याच्या चपला बघा मास्तर, चिखुल ठाव न्हाई." मुलाखती म्हणजे दोन गोली एकमेकांसमोर बसवल्यासारखं, गोल कुणी करायचा? सिनेमाच्या गाण्यांना सगळं गाव लोटायचं, तेव्हा हे पाठ करून बिडी ओढत. "पळत्यात, पन चेंडू कुटं हाय?" हसून हसून लोकांची पुरेवाट.

मग एका बुधवारी पुण्याचा पेपर आला. श्रीमंतनं तो मोठ्यानं वाचला. कपाच्या फायनलला कानिफची गिरणी गेली होती. आणि खाली एक ओळ होती, शनिवारी संध्याकाळी सामना टीव्हीवर दाखवणार.

हॉटेल नाचायला लागलं. कुणी पेढे म्हणालं, कुणी हलगी. दाजी तेवढे बसून राहिले. कट्ट्यावरून मालनबाई उठून थेट हॉटेलात आली. दोन वर्षांत पहिल्यांदाच आत आली. "भाऊ," ती म्हणाली, "आता मला माझं पोरगं दिसंल?"

दाजी म्हणाले, "दिसंल की."

त्या रात्रीचं जेवण मी बहिणीकडे घेतलं, ते फक्त भांडायला. म्हणालो, "दाजी, उद्या सकाळी तिच्या घरी जा आणि सांगून टाका."

"काय सांगू? दोन वरसं तुज्या गुडगा मोडलेल्या पोराला मी पळवला म्हनून?"

"मग शनिवारी काय कराल?"

"मुंग्या असत्यात त्यात, मास्तर. एकाचं तोंड दिसत न्हाई. डाव्या अंगाचा एखादा दावीन. आईला काय, दिसलं म्हंजे झालं."

बहिणीला तेव्हा पहिल्यांदा कळलं.  ती भाकरी थापायची थांबली, नवऱ्याकडे बघितलं आणि तवा उतरवला. आमच्यापैकी कुणीच मग धड जेवलं नाही.

शनिवारी गोडाऊनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कांद्याच्या गोण्या भिंतीला लावलेल्या, त्यांवर माणसं. पुढं टेबलावर टीव्ही, त्याची लाकडी दारं आप्पासाहेबांनी स्वतः उघडली. एका बाजूला बायका. मालनबाई ठेवणीतलं धड लुगडं नेसून सगळ्यांत पुढं. तिच्या एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी. आप्पासाहेब म्हणाले, "बाई, पानी लांब ठेवा. मशीन हाय ती, झटका बसंल."

"तीन वरसांनी पोरगं नदरं पडतंय," ती म्हणाली. "दारात आल्यावर भाकरतुकडा उतरून टाकायचा का न्हाई? ते घरला येईना, तर हितं उतरते."

 परगावाहून आलेल्या माणसावरून भाकरीचा तुकडा आणि पाणी उतरून टाकायचं, म्हणजे वाटेतली इडापिडा जाते, हे आमच्याकडे प्रत्येक घरात होतं. पण टीव्हीपुढं ते करायला कुणी येईल, हे मला सुचलं नव्हतं, आणि दाजींनाही. मी त्यांच्याकडे बघितलं. ते टीव्हीच्या बाजूला उभे होते, सवयीनं रेषेवर उभे राहायचे तसे.

पाइप फिरला. "आलं! आलं!" मुंग्या थोड्या विरळ झाल्या आणि त्यांच्यामागं मैदान दिसलं. करड्या जमिनीवर पांढरी रेष. बोटाच्या पेराएवढी माणसं इकडून तिकडे पळत होती. दाजींचं खरं होतं. एकाचाही चेहरा ओळखू येत नव्हता.

"कंचा वं, भाऊ?" मालनबाईनं विचारलं.

 दाजींनी बोट वर केलं. डाव्या बाजूला, रेषेला धरून एक जण पळत होता. "ह्यो... ह्यो बगा, कडेचा."

मालनबाई उठली. फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडला, तांब्या उचलला. टीव्हीच्या अगदी जवळ गेली. आप्पासाहेब काही म्हणायला गेले, बहिणीनं त्यांना हातानं थांबवलं. मालनबाईनं तुकडा काचेपाशी नेला, आणि थबकली.

"ह्योच ना, भाऊ? नक्की सांगा. दुसऱ्याच्या पोरावरनं उतरलं तर माज्या पोराची पीडा तशीच ऱ्हाती."

दाजींचं बोट अजून वरच होतं.  मी त्यांना ओळखून होतो. रेष वाकडी गेली तर अख्खी पुसून नव्यानं मारणारा माणूस तो. त्यांनी हात खाली घेतला.

"थांबा," ते म्हणाले. "मालनबाई, टाकू नका. त्यो तुमचा न्हाई."

"मग कंचा?"

"त्यात कुटंच न्हाई. त्याचा गुडगा गेला. दोन वरसं हुतील. खेळत न्हाई आता. मी... मी नुस्तं सांगत हुतो."

टीव्हीत कुणीतरी गोल केला असावा. मुंबईतले हजारो लोक एकदम ओरडले. गोडाऊनमध्ये कुणी हललं नाही. दाजींनी टोपी काढली, तिच्यातून ते पोस्टकार्ड काढलं. घामानं पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं. दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरलं. तिला वाचता येत नव्हतं, हे त्या क्षणी ते विसरले होते. "मला काय बी बोला," ते म्हणाले. "नाव बी लावनार न्हाई मी. तसं बोललो हुतो."

मालनबाईनं कार्ड घेतलं नाही. ती रडलीही नाही. हातातला तुकडा तिनं परत फडक्यात बांधला, नीट, गाठ मारून. मग दाजींकडे बघून विचारलं,

"गुडगा कंचा? डावा का उजवा?"

दाजींनी माझ्याकडे बघितलं. कार्ड मला तोंडपाठ होतं. त्यात ते नव्हतं. दोन वर्षं आम्ही दोघं ते गुपित जिवापाड जपत होतो, त्यावरून भांडत होतो. दाजींनी त्या पोराला शेकडो वेळा पळवलं, मी त्याच्या खुशालीची पत्रं सूर लावून वाचली. माझ्या टेबलावर कोऱ्या कार्डांचा गठ्ठा होता. पण तो चालतो कसा, जिना चढतो कसा, दुखतं का, हे विचारणारं एक कार्ड आमच्यापैकी कुणी टाकलं नव्हतं.

"ठाव न्हाई," दाजी म्हणाले. 

मालनबाईनं तांब्या बहिणीच्या हातात दिला आणि माझ्याकडे वळली.

"पोस्टमास्तर, म्हमईला जायाला सकाळची पहिली गाडी कवा हाय?"

तेवढं मला माहीत होतं. "पावणेसहाला," मी म्हणालो.